पलूसचा साखरपुडा

सातारा
८ जानेवारी २०२५

प्रिय आत्ती,
जय भीम.

पाकीट बघून दचकली असशील. फोन का नाही केला, असं विचारशील. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे पलूसच्या अर्ध्या आळीशी बोलायचं. तुला ऐकू कमी येतं म्हणून तू स्पीकर लावतेस, आजी आतून "कोन हाय गं?" म्हणून ओरडते, आणि शेजारच्या बायका भाजी निवडता निवडता माझी खुशाली विचारतात. मला जे सांगायचंय ते स्पीकरवर सांगण्यातलं नाही. हे पत्र आजीलाही वाचून दाखवू नकोस, निदान आज तरी.

काल विट्याहून तुझ्या भावाचा, माझ्या तीर्थरूप अण्णांचा फोन आला. १६ मार्चला पलूसच्या विहारात साखरपुडा धरलाय म्हणाले. स्थळ तू आणलंस. पूजा तुझ्या महिला मंडळातल्या बाईंची मुलगी, नर्सिंग झालेली. तिच्यात मला काहीच खोट काढायची नाही. मुलगी बघायला आलो तेव्हा अण्णांनी विचारलं, "पसंत हाय न्हवं?" मी गप्प बसलो. त्यांनी तो होकार धरला. तिथंच तोंड उघडायला हवं होतं, ते झालं नाही, म्हणून आता लिहितोय.

आत्ती, मी गे आहे. मराठीत समलिंगी म्हणतात. मला पुरुष आवडतात, बायकांबद्दल तसं कधी वाटलं नाही. अकरावी-बारावीपासून मला हे कळतं. आता तिशी आली, तरी बदललं नाही आणि बदलणारही नाही. वाईचा माझा मित्र निमिष म्हणतो, घरात एकाला तरी सांग, सगळं एकट्यानं ओढू नकोस. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, म्हणून पहिल्यांदा तुला.

हा साखरपुडा होऊ देऊ नकोस. अण्णा जगात कुणाचं ऐकत असतील तर तुझं. पूजाला फसवून मी लग्न करणार नाही.

तुझा
महेंद्र


पलूस
१५ जानेवारी २०२५

चि. महेंद्र,
जय भीम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तुला वाटत असेल आत्तीला यातलं काय कळतंय. मला चांगलं कळतं. आपल्या घरात हे एकदा येऊन गेलंय, तुला कुणी सांगितलं नाही एवढंच.

तुझ्या आज्याचा धाकटा भाऊ, आमचा धुळाचुलता. तो लहानपणी पोरींत खेळायचा, आईचं लुगडं गुंडाळून पाण्याला जायचा. मग त्याच्या केसात जट झाली. झालं, देवीनं धरलं म्हणाले. सौंदत्तीला नेऊन देवीच्या नावानं गळ्यात मोती बांधले, लुगडं नेसवलं, डोक्यावर परडी दिली आणि देवीला वाहिलेला जोगता करून दारोदार जोगवा मागायला लावलं. आपल्या लोकांवर ही असली घाण शेकडो वर्षं लादली गेली. सत्तावन्न साली गावानं दीक्षा घेतली तेव्हा तुझ्या आज्यानं ते मोती स्वतःच्या हातानं तोडून कृष्णेत टाकले. परडी जाळली. आजी हे सांगते तेव्हा अजून तिची मान ताठ होते.

आणि तू आता मला लिहितोस, मी तसला आहे! कुणी नादाला लावलं तुला? साताऱ्यात कुठल्या जोगतिणीच्या नाहीतर बुवाच्या मठात जाऊन बसतोस का? तो निमिष कोण? वाईला देवळं पुष्कळ आहेत, त्यांच्यात तो घेऊन जातो का तुला? आपण त्यातून बाहेर पडलोय बाळा. तुझ्या गळ्यात कोणी काही बांधायला आलं तर मी तिथं येऊन त्याचा हात मोडीन.

रविवारी विहारात वंदनेला येत जा. मिरजेला चांगले डॉक्टर आहेत, मी चौकशी करते. मनावरचं हे जाईल. साखरपुड्याचं जे ठरलंय ते ठरलंय. पूजासारखी मुलगी घरात आली की डोक्यातलं सगळं निघून जाईल. अण्णाला मी काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

वेळेवर जेवत जा.

तुझी आत्ती
माया


सातारा
२२ जानेवारी २०२५

प्रिय आत्ती,
जय भीम.

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग इतका चिडलो की दोन दिवस लिहिलं नाही. मी तुला सांगतो काय आणि तू वाचतेस काय! मी कुठल्या मठात जात नाही. निमिष देवळात गेलाच तर बाहेरची भेळ खायला जातो. मला लुगडं नेसायचं नाही. मी पुरुष आहे, पुरुष असण्यात सुखी आहे, आठवड्यातून सहा दिवस एमआयडीसीत गिअर मोजतो आणि रविवारी क्रिकेट खेळतो. फक्त मला प्रेम पुरुषावर बसतं. देवीचा आणि माझा काही संबंध नाही.

तू पस्तीस वर्षं अंगणवाडीत पोरांना शिकवलंस, म्हणून तुझ्याच पद्धतीनं सांगतो. दोन प्रश्न वेगवेगळे ठेव. आपल्याला कोण आवडतं, हा एक. आपण स्वतःला कोण मानतो, हा दुसरा. माझं उत्तर पहिल्या प्रश्नात वेगळं आहे. पुरुषाला पुरुष आवडला तर गे, बाईला बाई आवडली तर लेस्बियन, कुणाला दोघंही आवडू शकतात, त्यांना बायसेक्शुअल म्हणतात. काही माणसांचं दुसऱ्या प्रश्नात वेगळं असतं. जन्मल्यावर सुईणीनं मुलगा सांगितला, पण ती आतून मुलगी असते, किंवा याच्या उलट. त्यांना ट्रान्स म्हणतात, मराठीत पारलिंगी. कुणी यातल्या कशातच बसत नाही, त्यांच्यासाठीही जागा आहे. यातलं काहीही आजार नाही, डॉक्टर लोकांनीच तसं सांगितलंय. गुन्हाही नाही, सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली निकाल दिला. राज्यघटनेतल्या समतेवरच दिलाय तो. घटना कुणी लिहिली हे तुला मी सांगायला नको.

धुळाआजोबांचं मला तुझ्या पत्रातून पहिल्यांदा कळलं. ते कोण होते हे मी इथं बसून ठरवू शकत नाही. पण त्यांना जे झालं त्याची भीती तू माझ्यावर घालू नकोस.

एक कर. सांगलीत विश्रामबागला एका शिकवणीच्या हॉलमध्ये महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्यासारखी माणसं आणि त्यांच्या घरचे जमतात. ज्ञानदाताई म्हणून आहेत, त्या समुपदेशक आहेत आणि त्याच ते चालवतात. मी आणि निमिष तिथं जातो, पण या वेळी मी येणार नाही. तू एकटी जा, म्हणजे माझ्यासमोर तुला संकोच नको. नाही गेलीस तर मार्चआधी मी स्वतः पलूसला येऊन पूजाला सांगेन. तुझ्या मंडळात तुझी काय अवस्था होईल याची मला काळजी आहे, पण त्यापायी मी बोहल्यावर चढणार नाही.

महेंद्र


पलूस
११ फेब्रुवारी २०२५

चि. महेंद्र,
जय भीम.

तुझं पत्र फार उर्मट होतं. तरी परवा सांगलीला जाऊन आले. आजीला सांगितलं, दातांच्या डॉक्टरकडं जाते.

मला वाटलं होतं काहीतरी अंधाऱ्या खोलीतलं असेल. तर पंख्याखाली खुर्च्या मांडलेल्या, फळ्यावर कुणाच्या तरी गणिताचं उत्तर तसंच राहिलेलं आणि थर्मासमधला चहा. वीसेक माणसं होती. ज्ञानदाबाईंनी मला पहिल्याच रांगेत बसवलं. माझ्या शेजारी एक उंच, देखणी बाई येऊन बसली. राजनंदिनी तिचं नाव. बोलता बोलता ती म्हणाली, मी ट्रान्स आहे. आणि महेंद्र, माझ्या तोंडून काय निघावं? मी तिला विचारलं, "मग मोती कवा बांधलं?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग म्हणाली, "मावशी, मोती कुनी बांधलं न्हाईत. आधार कार्डावर नाव बदलून घेतलंय. पतसंस्थेत कॅशियर हाय मी. घरचे निघाले होते न्यायला सौंदत्तीला, मी पळून आले." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हात जोडले. ती म्हणाली, "तुमी इचारलं तरी. बाकीचे आधी ठरवूनच बसतात." मग तिनंच मला चहा आणून दिला. तुझे ते दोन प्रश्न तिनं मला असे समजावून सांगितले की आता मी मंडळात शिकवू शकते.

परत येताना एसटीत मला धुळाचुलताच दिसत राहिला. तुला मी त्याची अर्धीच गोष्ट सांगितली होती. घरात कुणी पुढचं सांगत नाही. मोती तोडल्यावर त्याला धोतर नेसवलं आणि वर्षभरात त्याचं लग्न लावून दिलं. आता सुटला, आता माणसांत आला, असं सगळ्यांना वाटलं. लोकांचा हेतू वाईट नव्हता. पण मोती बांधताना त्याला विचारलं नव्हतं आणि तोडतानाही विचारलं नाही. चुलती मला आठवते. चुलीपुढं बसून राहायची. जेवायला वाढायची, बोलायची नाही. तो दुपारी घर रिकामं असलं की तिचं लुगडं नेसायचा आणि ती दाराला कडी लावून बाहेर राखण करत बसायची, कुणी येऊ नये म्हणून. मी लहान होते, मला तो खेळ वाटायचा. एक दिवस तो मिरजेच्या गाडीत बसून गेला तो गेलाच. ती तशीच त्या घरात म्हातारी झाली.

तू धुळाचुलता नाहीस, तुझं वेगळं आहे, हे मला आता पक्कं कळलं. पण पूजा त्या चुलीपुढं बसणार असेल तर तिला तिथं बसवणारी मी असेन. हे माझ्या हातून होणार नाही. साखरपुडा मी मोडते.

मात्र अण्णाला काय सांगायचं, पूजाच्या घरी काय सांगायचं, हे तू ठरवायचंस. तू हो म्हणेपर्यंत मी तोंड उघडणार नाही. नुसतं "पत्रिका जुळत नाही" म्हणायचं तर आपण पत्रिका बघतच नाही, तेव्हा दुसरी सबब शोध.

आणि तो निमिष. तिथं सगळी पोरं तुम्हा दोघांचं नाव एका दमात घेत होती. आत्तीला डोळे आहेत बरं का.

तुझी आत्ती
माया


सातारा
२६ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्ती,
जय भीम.

तुझं पत्र निमिषला वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीला तो कानापर्यंत लाल झाला. हो, चार वर्षं झाली. तो वाईच्या शाळेत चित्रकला शिकवतो. तुझ्यापासून लपवलं कारण आधी माझंच पचेल की नाही याची खात्री नव्हती.

सबब शोधायची नाही असं ठरवलं. शनिवारी विट्याला जाऊन अण्णांना सगळं सांगितलं, वाईच्या निमिषचंही. ते विहाराच्या पायरीवर बसून पुढच्या लग्नाची तयारी करत होते. आपले अण्णा तालुक्यातले बौद्धाचार्य, किती जोडप्यांची लग्नं त्यांनी लावली असतील. मी बोलत होतो तोवर ते उदबत्त्यांचा पुडा उघडत होते आणि मिटत होते. मग म्हणाले, "झालं बोलून?" मी म्हणालो, झालं. म्हणाले, "भावकीतल्या जयराजचं कोइमतूरला सोन्याच्या गलाईचं दुकान हाय. आपल्या हिकडची दहा पोरं हायत तिथं. दोन वर्स जाऊन ऱ्हा. आधी साखरपुडा, मग जा, आल्यावर लगीन. भट्टीपुढं उभं ऱ्हायलास की डोस्क्यातलं समदं वितळून जाईल."

मी म्हणालो, अण्णा, मला नोकरी आहे. आणि मी साखरपुड्याला येणार नाही. ते म्हणाले, "मंग विट्यालाबी येऊ नगंस." त्यांनी आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं. रात्रीच्या गाडीनं परत आलो. रडलो पुष्कळ, ते तुझ्यापासून लपवत नाही.

पण मागं फिरणार नाही. आत्ती, तू सांग. पूजाला सांग, तिच्या आईला सांग, मंडळात सांगायची वेळ आली तर तिथंही सांग. माझं नाव घेऊन सांग. निमिषचं नाव तेवढं घेऊ नकोस, त्याच्या शाळेत अजून माहीत नाही.

महेंद्र


पलूस
१८ मार्च २०२५

चि. महेंद्र,
जय भीम.

परवाचा दिवस पार पडला. सगळं सविस्तर लिहिते, कारण इथून तुझ्या कानावर दहा तऱ्हेनं जाईल.

पूजाला मी आधीच्या आठवड्यात सांगितलं होतं. जिचा जन्म जायचा तिला आधी, असं ठरवलं होतं. ती माझ्यावर भडकली. "आत्ती, बघायला आले तवा त्येला बोलता आलं न्हाई? मी दोन सुट्ट्या घालवल्या आन् आयनं साडी घेतली." तिचं बरोबर आहे, तू तिची माफी मागून पत्र लिही. थोड्या वेळानं म्हणाली, "माझ्या हास्टेलवर बी एक पोरगी व्हती. तिचं लगीन लावलं. लय हाल झाले तिचे." आणि स्वतः जाऊन आईला सांगून आली, की मला हे लग्न नको.

अण्णाला मी फोन केला. स्पीकर बंद करून. त्यानं ऐकून घेतलं नाही. तो रविवारी हार, पेढे आणि चार पाव्हणे घेऊन विहारात हजर! त्याला वाटलं, आयत्या वेळी मी गप्प बसेन आणि तू येशील. पूजाच्या घरचे आले नाहीत. मंडळाच्या बायका मात्र वंदनेला जमल्या होत्या. त्या कुजबुजायला लागल्या, की पोरीतच काहीतरी खोट असणार. हे माझ्याच्यानं ऐकवलं नाही. वंदना संपली आणि मी उठून उभी राहिले.

म्हटलं, "पोरीत काय खोट न्हाई. पोरातबी न्हाई. माझा भाचा महेंद्र गे हाय. त्येला पुरुष आवडतो. त्येनं पोरगी फसवली न्हाई, खरं सांगितलं. आमी लगीन मोडलं. ज्येला काय इचारायचं त्येनं मला इचारा, पूजाच्या दारात कुनी जायचं न्हाई."

एकीनं विचारलं, असलं आपल्यात असतं का? मी म्हटलं, सगळ्यांत असतं. दुसरी म्हणाली, धम्माला हे चालतं का? मी म्हटलं, फसवलेलं लग्न धम्माला चालतं का ते आधी सांग. दोघी उठून गेल्या, त्या आता माझ्याशी बोलत नाहीत. बाकीच्या बसून राहिल्या. मी तुझे ते दोन प्रश्न त्यांना सांगितले, राजनंदिनीनं मला सांगितले होते तसे.

आजी भिंतीला टेकून बसली होती. मला वाटलं डुलकी लागलीय. तर एकदम म्हणाली, "मंग आमचा धुळा? त्यो बी ह्योच का?" मी म्हटलं, नाही आये, त्याचं वेगळं होतं. त्याला बाई म्हणून जगायचं असावं. आता त्याला ट्रान्स म्हणतात. आजीनं तो शब्द दोनदा म्हणून बघितला. मग पदर डोळ्याला लावला. "माझ्याकडं चोळी मागायचा गं," म्हणाली. "मी हाकलायची." मी तिला जवळ घेतलं आणि आम्ही दोघी विहारात बसून रडलो. बायका पाणी घेऊन आल्या.

अण्णा कधी निघून गेला मला कळलं नाही. पेढ्यांचा पुडा खुर्चीवरच राहिला होता.

पुढच्या दुसऱ्या रविवारी मंडळातल्या दोघी माझ्याबरोबर सांगलीला येणार आहेत. एकीच्या घरात काय आहे ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तू पण ये. आता मला तुझ्यासमोर संकोच नाही. निमिषलाही आण, त्याला मला बघायचंय. अण्णाचं तू माझ्यावर सोड असं मी लिहिणार होते, पण खरं सांगू का, त्याचं काय होईल मला माहीत नाही. तो हट्टी आहे. पण आपणही त्याच घरातले आहोत.

तुझी आत्ती
माया


विटा
२० एप्रिल २०२५

चि. महेंद्र यास,
अण्णांकडून जय भीम.

मला पत्र लिहायची सवय नाही. वंदना पाठ आहे, लग्न लावायचे पाठ आहे, हे पाठ नाही. चुकले तर सांभाळून घे.

साखरपुडा मोडल्यापासून लोक विचारत होते. मी सांगत होतो, मुलाला मुलगी पसंत पडली नाही. कुणाला सांगायचो, पोराला परदेशी जायचे आहे. एकाला तर सांगितले, पोरगा लग्नच करणार नाही, भिक्खू व्हायचे म्हणून श्रामणेर होणार आहे. त्यावर त्याने मला तिथेच वाकून नमस्कार केला. घरी येऊन मला जेवण गेले नाही. धम्माच्या नावावर मी आजवर कधी खोटे बोललो नव्हतो.

मायाने फोन केले, मी उचलले नाहीत. मग ती स्वतः आली. तीन दिवस राहिली, एक शब्द तुझ्याबद्दल बोलली नाही. नुसती स्वयंपाक करायची आणि माझ्यापुढे बसून जेवायची. जाताना म्हणाली, "मी सांगितलं, तवा माझं काय मोडलं न्हाई. उलट हलकं वाटलं."

परवा जयंतीचा मंडप उतरवत होतो. एसटीतला माझ्या बरोबरचा कंडक्टर नानासो शिडी धरून उभा होता. तीस वर्षे आम्ही एका डेपोत होतो. त्याने विचारले, "सोपान, पोराचं काय झालं रं खरं?" मी वर शिडीवर, हातात दोर. म्हटले, माझा मुलगा गे आहे. त्याला ऐकू गेले नाही. तो म्हणाला, "काय?" मग मी परत सांगितले, मोठ्याने. खाली चार पोरे पताका गोळा करत होती, त्यांनीही ऐकले. नानासोने शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. मग म्हणाला, "खाली उतर, च्या घिऊ."

चहाचे पैसे त्यानेच दिले. मी सगळ्यांसमोर बोललो, एवढे तुला कळावे म्हणून हे लिहिले. मला अजून सगळे पटले आहे असे समजू नकोस. तुमच्या सांगलीच्या बैठकीला मी येईन असे नाही. माया म्हणते येशील, बघू. जयराजला फोन करून सांगितले आहे, मुलगा येणार नाही, त्याला साताऱ्यात नोकरी आहे.

मी तुला विट्याला येऊ नकोस म्हणालो होतो. ते मी रागात म्हणालो नव्हतो, विचार करून म्हणालो होतो, म्हणून ते जास्त वाईट होते. आता विचार करूनच लिहितो.

पुढच्या रविवारी घरी ये. वाईच्या मुलाला भाकरी चालते का, का चपात्या करायच्या, ते मायाला विचारून ठेवले आहे. तिला माहीत नाही. तूच कळव.

एकटा येऊ नकोस.

तुझे
अण्णा